पगारी सेवेची लाज कसली?

अगं, तुझी कंपनी वर्षाला दोन दिवस स्वयंसेवेची पगारी रजा देते आणि तू ती घेत नाहीस, हे ऐकून मी कपाळावर हात मारला. म्हणे, "ताई, पगार घेऊन कसली सेवा? लोक नावं ठेवतील." ठेवू देत. नावं ठेवणाऱ्यांना मालेगावात काय, कुठेच तोटा नाही.

आपल्याकडे सेवा म्हटली की पदरमोड हवी, घाम हवा, जमलंच तर उपासही हवा. मला हे कधी पटलं नाही. बिनपगारी सेवा त्यालाच परवडते, ज्याच्या घरात दुसऱ्या कुणाची कमाई येते. म्हणून तर कुठल्याही समितीत बघ, तेच चार शेठ आणि तेच निवृत्त गुरुजी! हातावर पोट असलेला माणूस मनाने कमी नसतो गं, त्याला फक्त खाडा परवडत नाही.

आणि तू म्हणतेस तसं "रविवारी करेन की" याला फारसा अर्थ नाही. रविवारी झाडं लावता येतात. पण कांडी भरणाऱ्या बाईच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज रविवारी पुरा होत नाही. महाडीबीटीवर अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलचा. बँकेचं खातं आधारला जोडलेलं लागतं, ते काम बँकेचं. आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं निघालं, की आणखी चार खेपा. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणजे शनिवारही गेला. ती बाई कामावर, पोरगी मोबाइलवर अर्ज भरताना तिसऱ्याच पानावर अडकलेली. तुझं मात्र दिवसभर लॅपटॉपवरच काम. कॅम्पातल्या तुझ्या घरातून निघून मोसमपूल ओलांडलास, की अशा दहा पोरी भेटतील. दोन कामाचे दिवस त्यांच्यासोबत बसलीस, तर दहाही अर्ज मार्गी लागतील.

कंपनीला यात काय मिळतं, असं तुला वाटत असेल. कायद्याच्या हिशोबात काहीच नाही. कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती त्यात धरता येत नाही, असं केंद्राच्या मंत्रालयाने स्पष्ट केलंय. तरीही कंपन्या वेळ देतातच. बूट बनवणाऱ्या टिंबरलँडने १९९२ साली अशी १६ तासांची पगारी रजा सुरू केली, पुढे ती ४० तासांवर नेली. सेल्सफोर्स वर्षाला सात दिवस देते. ही काही धर्मादाय मंडळी नव्हेत. दहा अनोळखी माणसांना न चिडता एकच गोष्ट दहादा समजावून सांगितलेला कर्मचारी परत येतो, तो गिऱ्हाइकाशीही नीट बोलतो, हे त्यांनी ओळखलंय. माणसाला आपल्या कंपनीबद्दल घरी चार चांगले शब्द बोलावेसे वाटतात, हेही काही कमी नाही. ज्याला पगारासाठी नोकरी सोडायचीच आहे तो मात्र याने थांबायचा नाही. तेवढी भाबडी मी नाही.

खरी गंमत तुझ्या ह्यांच्या कारखान्यात आहे. तिथे महिन्याचा पगारच नाही, मजुरी मीटरवर. माग थांबला की कमाई थांबली. अशा माणसाला तुम्ही रक्तदान शिबिरात बोलावता, चहा-बिस्किट देता आणि तासाभरात परत मागावर उभं करता. बाई गं, रक्त दिल्यावर त्या दिवशी जड काम करू नये, फार वेळ उभं राहू नये, असं डॉक्टर सांगतात. मग उरलेल्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची? केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा विशेष नैमित्तिक रजा देतं. बाबूला मिळते ती विणकराला का नको? रक्त विकायला देशात १९९८ पासून बंदी आहे, तेव्हा पिशवीमागे पैसे अजिबात नकोत. पण बुडालेल्या वेळेची मजुरी हा वेगळा हिशोब.

ह्यांना म्हणावं, मीटरवाल्याचा दिवस मोजणं काही अवघड नाही. जुन्या कारखाना कायद्यात पगारी रजेचा हिशोब आदल्या महिन्यात भरलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवर व्हायचा, तोच धरायचा. आणि मतदानाची सुट्टी आठव. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमानुसार त्या दिवसाची मजुरी कापता येत नाही, रोजंदारीवाल्याचीसुद्धा. नागरिक म्हणून घालवलेल्या दिवसाचे पैसे मालकाने द्यायचे, ही गोष्ट आपल्या कायद्याने कधीच मान्य केलीय.

मालकाचा फायदाही सांगते. खाडा व्हायचा तो होतोच. फरक एवढाच, की आज कारागीर गावाकडची आत्या तिसऱ्यांदा मारून रजा घेतो. खरं कारण सांगून दिवस मिळणार असेल, तर तो चार दिवस आधी सांगेल आणि बदली माणूस शोधायला वेळ मिळेल.

फक्त तीन गोष्टी सांभाळायला सांग. सक्ती नको, सक्तीची सेवा म्हणजे वेठ. दारावर फ्लेक्स नको, त्यावर सेठच्या फोटोशेजारी कारागिरांना उभं करणं तर नकोच. आणि मुख्य म्हणजे शिबिर शुक्रवारी ठेवू नका. आठवड्यात माग बंद असण्याचा तो एकच दिवस. त्यात नमाज, बाजार, लेकरांना दवाखाना, जमलं तर सिनेमा. तो दिवस मागून घ्यायचा आणि त्याला सेवा म्हणायचं, हा शुद्ध आगाऊपणा झाला.

तू आधी तुझे दोन दिवस टाक. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत बघून, तिच्या पंधरा दिवस अलीकडचे, कचेऱ्या उघड्या असतील असे. मग ह्यांच्याशी बोल. पहिल्या खेपेला दोनच कारागिरांना सरासरीने मजुरी देऊन बघा म्हणावं, आणि ते पैसे त्याच आठवड्याच्या हप्त्यात द्या, पुढच्या नव्हे.