वस्त्राची खरी किंमत कोण देतो?

नीटनेटकें वस्त्र नेसण्यांत कांहीं दोष नाहीं. परंतु जें वस्त्र आपण अंगावर घालितों, तें शिवणाऱ्याच्या वांट्यास काय आलें, हा विचार फार थोडे लोक करितात. आज एका खऱ्या घडलेल्या गोष्टीवरून आपण तो करूं.

१. काय घडलें?

बांगला देशांत ढाका शहराजवळ सावर म्हणून ठिकाण आहे. तेथें राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत होती. खालीं दुकानें व एक बँक, आणि वर तयार कपडे शिवण्याचे पांच कारखाने. तेथील माल युरोप व अमेरिका येथील दुकानांत विक्रीस जात असे. २३ एप्रिल २०१३ रोजीं इमारतीस मोठे तडे गेलेले दिसले, व लोकांस बाहेर काढण्यांत आलें. दुसरे दिवशीं बँक व दुकानें बंद राहिलीं. शिवणकाम करणाऱ्यांस मात्र कामावर बोलाविण्यांत आलें. न आल्यास महिन्याचा पगार मिळणार नाहीं, अशी धमकी कित्येकांस देण्यांत आली. सकाळीं ९ च्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरील जनरेटर सुरू झाले, आणि लागलीच सर्व इमारत कोसळली. १,१३४ माणसें मृत्यु पावलीं व सुमारें २,५०० जखमी झालीं. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती.

२. दोष कोणाचा?

प्रथम दोष इमारतीच्या मालकाचा. वरचे मजले योग्य परवानगीशिवाय चढविलेले होते, आणि दुकानांकरितां बांधलेल्या जागेंत जड यंत्रें ठेविलीं होतीं. दुसरा दोष कारखानदारांचा, कारण तडे दिसत असतां त्यांनीं माणसें आंत पाठविलीं.

परंतु एवढ्यावर थांबूं नये. या धंद्यांतील मोठ्या व्यापाऱ्यांपैकीं बहुतेकांचे स्वतःचे कारखाने नसतात. जो सर्वांत कमी दरांत व सर्वांत लवकर शिवून देईल, त्यास ते काम देतात. फॅशन थोड्या थोड्या आठवड्यांनीं बदलते, म्हणून माल ठरल्या तारखेस पोंचलाच पाहिजे. उशीर झाला तर किंमत कापली जाते, किंवा कारखानदारास आपल्या खर्चानें माल विमानानें पाठवावा लागतो. अशा रीतीनें त्यास तड्यापेक्षां तारखेचें भय अधिक वाटूं लागतें. आणि त्या भयाचें सर्व ओझें शेवटीं शिवणाऱ्या बाईवर येतें. त्या वेळीं तिचें कायद्यानें ठरलेलें किमान वेतन महिन्यास ३,००० टका होतें. एक पगार बुडाला तर घरभाडें कोठून द्यावें, व मुलांस काय खाऊं घालावें? तडा पाहूनहि ती आंत गेली, ती अज्ञानामुळें नव्हे, तर निरुपायानें.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. तो न केल्यानें कोणी पडून मेला तर त्याचा दोष घरावर येतो. ज्या दरांत कठड्याचा खर्चच बसत नाहीं, तो दर ठरविणारा त्या दोषांतून कसा सुटेल? आणि त्याच दराचा आनंद मानणारा आपणांस सर्वस्वीं निर्दोष कसा म्हणवील?

३. पुढें काय झालें?

मे २०१३ मध्यें व्यापारी व कामगार संघ यांच्यामध्यें सुरक्षिततेचा करार झाला. तो कायद्यानें बंधनकारक होता, व दोनशेंहून अधिक कंपन्यांनीं त्यावर सह्या केल्या. स्वतंत्र इंजिनियरांनीं १,६०० हून अधिक कारखाने तपासले. खांब बळकट करण्यांत आले, व आगीच्या वेळीं बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे झाले. धोक्याच्या जागेंत काम नाकारण्याचा हक्क कामगारांस मिळाला. २०१३ च्या अखेरीस किमान वेतन ५,३०० टका झालें. मात्र पीडितांच्या भरपाईसाठीं ठरविलेला ३ कोटी डॉलरांचा निधि पुरा होण्यास जून २०१५ उजाडला. यावरून दोन गोष्टी कळतात: हें संकट टाळतां आलें असतें, आणि नुसती हळहळ जें करीत नाहीं तें लेखी बंधन करितें.

४. आपण काय करावें?

त्या देशाचें कापड घेणें सोडून द्यावें, असें कोणी म्हणेल. परंतु त्यामुळें त्या बायांचें कामच जाईल. त्यापेक्षां गरजेपुरतेंच कपडे घ्यावे, टिकाऊ घ्यावे, फाटलें तर शिवावें, आणि केवळ शेजाऱ्यानें घेतलें म्हणून नवें घेऊं नये. शिवाय, दूरच्या व्यापाऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपल्या दाराकडे पाहावें. सणाच्या आदल्या रात्रीं शिंप्यास जागवून शिलाईचे पैसे पुढील महिन्यावर ढकलणें, किंवा मजुराचा रोज अडकवून ठेवणें, हें त्याच पापाचें लहान रूप आहे.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. बँक बंद राहिली व कारखाने चालू राहिले, याचें कारण काय?
२. स्वस्त वस्त्राची उरलेली किंमत कोणीं दिली?
३. या आठवड्यांत आपल्याकडे कोणाची मजुरी येणें आहे काय? असल्यास ती केव्हां द्याल?