आधी आख्यान, मग मोकळीक

पावसाळा सुरू झाला की कुडाळ-मालवणकडची कॉलेजातली मुलं युवा महोत्सवासाठी एकांकिका शोधू लागतात. अलीकडे त्यांतली बरीच जण येऊन म्हणतात, "ताई, लिहिलेलं नको. आम्ही सगळे मिळून तालमीत घडवणार." त्यांना मी कधीच अडवत नाही. मीही अशीच नाटकं करत आले आहे. फक्त कामाला लागण्याआधी एवढंच विचारते, "तुमचं आख्यान कुठलं?"

हा प्रश्न माझ्या गावाने मला दिला. दशावतार कोकणात आणण्याचं श्रेय काही जण आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळ्यांना देतात, काही जण आमच्या वालावलच्या गोऱ्यांना. लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्यावर खेळत वाढलेल्या आम्हा मुलांना संहितेशिवाय रात्रभर नाटक चालतं याचं नवल कधी वाटलं नाही.

जत्रेच्या रात्री कलावंत पेटारे उघडून, हातात आरसा धरून तोंड रंगवत बसलेले असतात. तेवढ्यात कंपनीतला जाणता माणूस कथा लावून देतो: आज कुठलं आख्यान, राजा कोण, राक्षस कोण, कोणामागून कोण येणार, लढाई कुठे पडणार. बोलायचं काय, ते ज्याचं त्याने बघायचं. गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार आटोपला की आख्यान सुरू होतं आणि सगळे संवाद एका लाकडी बाकड्याभोवती, तिथल्या तिथे सुचत जातात.

एकदा मी आत बसून प्रयोग पाहत होते. राक्षसाचा मुकुट काही केल्या बांधला जात नव्हता. बाहेर राणीचा प्रवेश संपत आला होता. राणी झालेल्या काकांनी बोलता बोलता आत नजर टाकली, काय ते ओळखलं आणि विलापाचं पद धरलं. पेटीवाल्याने सूर दिला, मृदंग हलका झाला. मुकुट बसल्यावर आतून आरोळी उठली, तशी काकांनी पदाची ओळ तिथेच आवरली आणि घाबरून मागे सरकले. समोरच्या बायका डोळे पुसत होत्या. पहाटे मी विचारलं, हे जमतं कसं? काका म्हणाले, "बाय, कथा सगळ्यांची एक आसा म्हणान जमता. मी खंय थांबलंय ता त्याका कळता, तो खंय चुकलो ता माका कळता."

माझ्या कॉलेजच्या दिवसांत तालमीत घडवलेल्या एका नाटकात मी सहायक होते. दिग्दर्शक बाहेरून आलेले, हुशार, मुलांना जीव लावणारे. त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, आजवर कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगा. एका मुलीने सांगितलं, वडिलांनी आंब्याची बाग घरात कोणालाही न विचारता विकली आणि त्यानंतर आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. सगळे रडले. तोच प्रवेश नाटकाचा गाभा झाला आणि तो तिनेच करायचा असं ठरलं. तिला नको होतं का? त्या वेळी तिला तसं कोणी विचारलंच नाही, आणि इतकी दाद मिळत असताना तीही काही बोलली नाही.

स्पर्धेत प्रवेश गाजला. मग तोच प्रयोग तालुक्याच्या गावी लागला. दुसऱ्या रांगेत तिचे काका येऊन बसले होते. तिने त्यांना पाहिलं आणि वाक्याच्या मध्येच ती गप्प झाली. समोरच्या मुलाने दोनदा तेच वाक्य टाकलं. त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच, कारण प्रवेश तिच्या आठवणीवर उभा होता आणि ती आठवण इतर कोणाची नव्हती. शेवटी दिवे घालवावे लागले. त्यानंतर ती मुलगी तालमीला आली नाही. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना आमच्याकडच्या कोणालाही येईल. इथे बाग म्हटली की कोणाची, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं.

म्हणून आता मी मुलांना आधी कथा निवडायला लावते, सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणाच्याही घरची नसलेली. मागे एका गटाने हरिश्चंद्राचं आख्यान घेतलं. राजा स्वप्नात राज्य दान करतो, सकाळी ऋषी दारात उभा. मी तारामती झालेल्या मुलीला म्हटलं, तुला काय वाटतं ते बोल. तिने थोडा वेळ घेतला आणि राजाला विचारलं, "स्वप्नातसुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?" तालमीच्या खोलीत सगळे स्तब्ध झाले. त्या वाक्यामागे तिचं स्वतःचं काही होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. तारामतीच्या तोंडून ते बोलता येतं. पुढच्या रांगेत सगळं गोत येऊन बसलं तरी बोलता येतं. संकासुर मालवणीत गावच्या कारभाऱ्यांची उणीदुणी काढतो आणि कारभारी समोर बसून हसतात, ते याच आडोशामुळे.

कोणी म्हणेल, हे जुनं झालं, बाहेरच्या महोत्सवांत असलं चालत नाही. हबीब तन्वीरांचं काम पाहा. त्यांनी छत्तीसगडच्या नाचा या लोकनाट्यातल्या कलावंतांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं आणि 1973 मध्ये रायपूरच्या कार्यशाळेत नाचाच्या जुन्या प्रहसनांना जोडून 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभं केलं. 1975 चं 'चरणदास चोर' विजयदान देथांच्या लोककथेवरून आलं. त्याला 1982 मध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. तिथे एक लोककथा आणि ती अंगात मुरलेले नट पुरेसे ठरले.

आख्यान हाती असलं की वेळेचाही प्रश्न सुटतो. युवा महोत्सवात एकांकिकेला अर्धा तास आणि नऊ कलाकार मिळतात. घडवलेलं नाटक तालमीत रोज थोडं वाढतं, कारण प्रत्येकाला रोज नवं सुचतं. कथेचे टप्पे आखलेले असले तर कुठला प्रवेश किती मिनिटांत संपला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं आणि लांबलेलं बोलणं समोरचा नट पुढच्या टप्प्यावर नेऊ शकतो. टप्पा बदलला हे सांगायचं काम वाद्यावरच्या मुलाला द्या. दिग्दर्शकाने विंगेतून हातवारे करण्यापेक्षा मृदंगाची एक थाप जास्त ऐकू येते.

सुचलेलं टिपायला पहिल्या दिवसापासून एकाला वही घेऊन बसवा. मोबाईलवर चित्रीकरण करा, पण ते गटाबाहेर जाणार नाही हे आधी ठरवा. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी नवं सुचवणं बंद. त्या वेळी प्रत्येकाला वेगळं, एकटं गाठून विचारा की यातलं काही काढायचं आहे का. गटासमोर विचारलं तर कोणी हो म्हणत नाही. एखादा प्रवेश काढावा लागला तर त्या जागी काय येणार, तेही बसवून ठेवा, म्हणजे नको म्हणणाऱ्यावर नाटक पाडल्याचं ओझं येणार नाही.

आणि संहिता लिहून काढाच. राज्य नाट्य स्पर्धेला किंवा जाहीर प्रयोगाला ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. 'ऐनवेळी सुचेल ते' असं तिथे लिहून चालत नाही. अर्जावर लेखक म्हणून कोणाचं नाव घालायचं यावरून जिवाभावाचे गट फुटलेले मी पाहिले आहेत, तेव्हा हा निकाल तालीम सुरू होण्याआधी लावा. बोललेलं ज्यांचं, त्या सगळ्यांची नावं लेखनात घाला. दिग्दर्शकाने फक्त मांडणी केली असेल तर त्याच्या नावापुढे मांडणी एवढंच लिहा. प्रत्येकाची सही घेऊन एक प्रत त्याच्या त्याच्या हाती द्या. पुढच्या वर्षी त्यांतला कोणी दुसऱ्या कॉलेजात गेला आणि हेच नाटक पुन्हा करायचं ठरलं, तर परवानगी कोणाकोणाकडे मागायची ते त्या प्रतीवरून कळेल.