ग्रंथवर्गीकरण आणि यंत्राची बुद्धी

शाळेच्या कपाटात शंभर पुस्तके असोत वा मोठ्या ग्रंथालयात लाखो, प्रश्न एकच असतो : पुस्तक कोठे ठेवावे, म्हणजे मागणाऱ्याच्या हाती ते पडेल? मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये सर्व ज्ञानाचे दहा वर्ग कल्पून दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ हा आहे. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले. दोन्ही पद्धतींत अंक ठरविणारा मात्र माणूसच होता.

आता या कामी यंत्राचे साहाय्य घेतले जाते. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७ पासून ‘ॲनिफ’ नावाची संगणकप्रणाली विकसित केली. ग्रंथपालांनी पूर्वी विषय नेमून दिलेल्या असंख्य नोंदी तिला पुरविल्या जातात. कोणते शब्द कोणत्या विषयासोबत वारंवार येतात, हे त्यांवरून शिकून ती नव्या लेखनास संभाव्य विषय सुचविते व प्रत्येक सूचनेस गुणांक देते.

फिनिश भाषेत ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. ही सारी रूपे एकाच शब्दाची आहेत हे यंत्रास आधी उमगावे लागते. मराठीत शाळा, शाळेत, शाळेतून यांचेही तसेच. व्याकरण कशास हवे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगले उत्तर क्वचितच सापडेल.

परंतु शब्द ओळखणे म्हणजे ग्रंथ ओळखणे नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची कथा. शाळा, मास्तर, मेंढरे, दुष्काळ एवढेच शब्द मोजणाऱ्या यंत्राने ती अध्यापनशास्त्रात किंवा पशुपालनात लोटली, तर नवल नाही. तेथे गेलेली कादंबरी गोष्ट शोधणाऱ्या मुलास मिळणार नाही. शिवाय ही चुकीची नोंद तशीच राहिली, तर पुढे यंत्र तिच्यावरूनच शिकेल. जुने दोषही असेच पुढे जातात. ड्यूईंच्या धर्मवर्गात बहुतेक अंक ख्रिस्ती धर्माने व्यापले असून जगातील अन्य सर्व धर्म २९० या एका विभागात दाटीने बसविले आहेत. म्हणून यंत्राची सूचना जाणत्या ग्रंथपालाने तपासूनच स्वीकारावी लागते.

इयत्ता चौथीच्या वर्गात याचा प्रयोग करता येईल. वीस पुस्तकांची नावे कागदाने झाकावीत. एका गटाने प्रत्येक पुस्तकाचे एकच पान पाहून वारंवार आलेले दहा शब्द लिहावेत आणि त्यांवरूनच विषय ठरवावा. दुसऱ्या गटाने पुस्तक चाळून, चित्रे व प्रकरणे पाहून विषय सांगावा. जेथे दोन्ही गटांचे मत भिन्न पडेल, ती पुस्तके शिक्षकाने बाजूस काढावीत आणि स्वतः वाचून झाल्यावरच दाखल-नोंदवहीत त्यांचा विषय लिहावा.