परीकथेंतील सावत्र आई

परीकथेंत चेटकीण किंवा दुष्ट आई आली कीं, अशा गोष्टी मुलांच्या कानीं पडूं नयेत, असें पुष्कळ पालकांस वाटतें. हें मत कितपत योग्य आहे, याचा विचार एका प्रसिद्ध जर्मन गोष्टीच्या आधारें करूं.

हान्सेल आणि ग्रेटेल हीं एका गरीब लाकूडतोड्याचीं मुलें. दुष्काळांत अन्न पुरेना, म्हणून आईच्या सांगण्यावरून बाप त्यांस रानांत सोडून येतो. तेथें त्यांस पावाचें घर दिसतें. त्यास साखरेच्या खिडक्या! आंतील चेटकीण त्यांस खाण्यास टपलेली असते; परंतु ग्रेटेल तिलाच भट्टींत लोटते. मुलें घरीं परततात, तों आईही वारलेली असते. ग्रिमबंधूंनीं १८१२ सालीं ही गोष्ट प्रथम छापली, तेव्हां तींत आईच होती. १८४० च्या आवृत्तींत तिची सावत्र आई झाली.

हा फरक कां व्हावा? मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९७६ सालीं परीकथांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मतें, जवळ घेणारी व रागें भरणारी आई एकच आहे, हें लहान मुलास उमगत नाहीं. म्हणून गोष्ट एकीच्या दोघी करते. वाईट आईवर मूल मनसोक्त रागावतें, आणि चांगल्या आईवरील त्याची माया अभंग राहते. सर्वच विद्वानांस हें मान्य नाहीं. तथापि चेटकीण आणि आई एकदमच नाहींशा व्हाव्यात, ही गोष्ट विचार करण्याजोगी खरीच.

आम्हीं ही कथा वर्गांत सांगितली, त्या दिवशीं एक विद्यार्थी मान खालीं घालून बसला होता. तास संपल्यावर त्यानें हळूच विचारलें, “सर, सगळ्या सावत्र आया अशाच असतात का?” त्याची सावत्र आई रोज भर उन्हांत त्याचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशीं उभी असे, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें आज देतों. बाळा, गोष्टींतली ती बाई कोणाच्याच घरांत राहत नाहीं. ती आपल्या रागांत आणि भयांत राहते.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच कीं, गोष्ट लपवूं नका. मुलास जवळ बसवून ती सांगा, आणि त्यानें कांहीं विचारल्यास उत्तर द्या. सांगणारी आई सख्खी असो वा सावत्र, तिचा हात पाठीवर असला म्हणजे चेटकिणीचें भय मुलास पेलतें.