म्हशींचा तबेला म्हणून निर्धास्त राहू नका

लम्पी चर्मरोग मुख्यतः गाई-बैलांचा. म्हशींना तो क्वचितच होतो. त्यामुळे गोरेगाव-बोरिवलीकडचे तबेलेवाले बिनघोर असतात. पण म्हशींच्या रांगेत टोकाला एखादी गाय बांधलेली असतेच, आणि मागे शेणाचा ओला ढीग. रोग पसरवणारी चावरी माशी याच ढिगात, कुजक्या वैरणीत वाढते.

ही माशी दिसायला घरमाशीसारखीच, फक्त तोंडाशी सुईसारखी ताठ सोंड पुढे आलेली. बसते बहुधा पायांवर. जनावर सारखे पाय आपटू लागले की वाकून बघा. शेपटीचा फटकारा बसला की ती रक्ताळल्या तोंडाने शेजारच्या जनावरावर जाते, आणि रोगही सोबत नेते. डास, गोचीडही तेच करतात. २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसलेल्या साथीमुळे सप्टेंबरात मुंबईतही गुरांच्या वाहतुकीवर बंदी घालावी लागली होती.

आधी ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी वाहते, दूध एकदम घटते. मग मान, पाठ, कासेवर दोन ते पाच सेंटिमीटरच्या घट्ट, गोल गाठी उठतात. पित्ताच्या गांध्या लवकर जिरतात. या गाठी लवकर जिरत नाहीत, बऱ्याचदा पिकतात.

विषाणूवर थेट औषध नाही. ताप-सूज उतरवणे आणि जखमा चिघळू न देणे एवढेच हाती असते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. प्रतिजैविकाची सुई स्वतः टोचू नका. आजारी गाय वेगळी बांधा, तिची धार शेवटी काढा, मऊ चारा द्या. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून प्यावे.

पावसाने उघडीप दिली की शेण आठवड्यातून दोनदा तरी हलवा, गटार वाहते ठेवा. कडुलिंबाचा धूर चांगलाच, पण शेजारच्या सोसायटीतून तक्रार ठरलेली! ढीग हलवणे जास्त कामाचे.

शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी टोचून घ्या. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. ताप किंवा गाठी असलेल्या गाईला लस देऊ नये. अंगात प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात.

लसीकरणातून नेमकी सुटते ती देवळापुढची गाय. घाटकोपर-मुलुंडला दिवसभर पेंढ्या खाते, रात्री भलत्याच दावणीला असते. तिची मालकीण ओळखीची असेल तर लसीचे तिलाही सांगा. गाठी दिसल्या तर जनावर हलवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा; कळवणे जनावरांच्या साथरोगांविषयीच्या २००९च्या कायद्याने बंधनकारकच आहे.