नाईल नदीचा हिशेबनीस

पावसाळ्यात म्हादई दुथडी भरून वाहू लागली की पुलावर उभे राहून पाणी न्याहाळण्याचा मोह आम्हांला आजही आवरत नाही. नदीकाठी आकड्यांची उभी पट्टी रोवलेली किंवा पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ठरलेल्या वेळी पाणी कोणत्या आकड्याला टेकले हे पाहून ते वहीत उतरवणे, हे वरवर किती क्षुल्लक काम वाटते! पण अशा नोंदींच्या सहवासात ज्याचे सारे आयुष्य गेले, त्या एका पुरुषाची ओळख करून घेतली, म्हणजे त्या आकड्यांचे मोल कळू लागते.

त्याचे नाव हॅरल्ड एडविन हर्स्ट. इंग्लंडातील लेस्टर शहराजवळ १८८० साली एका सामान्य गवंडीकाम करणाऱ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. थोडे रसायनशास्त्र व थोडे सुतारकाम एवढीच शिदोरी गाठीशी होती. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्रीच्या वर्गांत स्वतः शिकावे, असा क्रम त्याने चालवला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला गेला आणि पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. १९०६ साली अल्प मुदतीच्या नोकरीसाठी तो इजिप्तमध्ये आला. त्या अल्प मुदतीची ६२ वर्षे झाली!

इजिप्तमध्ये पाऊस नाममात्र. तिथली शेती, तिथली वस्ती, सारे काही नाईलच्या पाण्यावर. म्हणूनच नदी मोजण्याची विद्या तिथे फार जुनी. कैरो येथील रोडा बेटावर ८६१ साली बांधलेली एक विहीर आहे. तिच्या मध्यभागी खुणा कोरलेला संगमरवरी स्तंभ उभा आहे. पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले, यावरून त्या वर्षीचा शेतसारा ठरवीत. कैरोच्या अशा नोंदी सातव्या शतकापर्यंत मागे जातात, जरी त्यांत मधूनमधून खंड पडलेला असला तरी.

परंतु केवळ पाण्याची उंची कळली म्हणजे प्रवाह कळला असे नव्हे. समजा, एका नदीचे पात्र २० मीटर रुंद आहे, पाण्याची सरासरी खोली दीड मीटर आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर पुढे सरकते आहे. पात्राचा छेद ३० चौरस मीटर. त्याला वेगाने गुणले की दर सेकंदाला १५ घनमीटर पाणी वाहते, असे उत्तर येते. वेग मोजण्यासाठी पाण्यात एक फिरकी सोडतात. ती किती वेळा फिरली यावरून वेग काढतात. पाण्याच्या निरनिराळ्या उंचीवर असे मोजमाप पुष्कळदा केले, म्हणजे पुढे केवळ उंची पाहूनही प्रवाहाचा अंदाज बांधता येतो. तथापि पूर पात्र बदलतो, गाळ साचतो. म्हणून मोजणाऱ्याला पुनःपुन्हा नदीत उतरावेच लागते.

हर्स्टने हेच केले. होडीतून, पायी, सायकलीवरून त्याने नाईलचे अफाट खोरे पालथे घातले. आस्वान धरणाच्या दरवाज्यांतून सुटणारे पाणी मोजले आणि सहकाऱ्यांसह नाईलच्या खोऱ्याविषयी अनेक खंड लिहिले. लोक त्याला 'अबू नील', म्हणजे नाईलचा पिता, म्हणू लागले.

मग त्याच्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. सुकाळातील पाणी दुष्काळासाठी राखायचे, तर जलाशय केवढा हवा? वर्षे नाणेफेकीसारखी एकमेकांशी असंबद्ध असतील, तर चौपट कालावधीसाठी दुप्पट साठवण पुरावी, असे गणित सांगत होते. हर्स्टने जुन्या नोंदी तपासल्या. नाईलपुरतेच न थांबता त्याने अन्य नद्या, पाऊस, सरोवरे, वृक्षांच्या खोडांतील वलये, यांचेही आकडे मांडले. उत्तर दुपटीऐवजी सुमारे पावणेतीनपट आले! म्हणजे सुकाळामागे सुकाळ आणि दुष्काळामागे दुष्काळ येण्याकडे निसर्गाचा कल दिसला. हा शोध १९५१ साली प्रसिद्ध झाला. दहापाच वर्षांच्या नोंदींवर विसंबणारा कसा फसतो, हे त्याने दाखवून दिले.

शतकभराच्या हिशेबाने पाणी साठवावे, हा विचार हर्स्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४६ सालीच मांडला होता. पुढे आस्वानचे उंच धरण १९७० साली पूर्ण झाले. त्यापायी नुबियातील सहस्रावधी लोकांना आपली गावे सोडावी लागली, हेही विसरता येणार नाही. हर्स्ट १९७८ साली वारला आणि त्यानंतर लगेच नाईलच्या खोऱ्यात तुटीच्या वर्षांची रांग लागली. १९८४ साली इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. इजिप्त मात्र त्या जलाशयातील साठ्यावर तगला. दुष्काळामागून दुष्काळ येतो, हे त्याने आकड्यांतून वाचले होते. ते खरे ठरलेले पाहण्यास तो उरला नव्हता.

आता आपल्या घराकडे वळू. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यात वाद झाला आणि २०१० साली लवाद नेमला गेला. त्याच्यापुढेही 'नदीत मुळात पाणी किती?' हा प्रश्न टळला नाही. अशा प्रश्नाचे उत्तर आवेशाच्या भाषणांत सापडत नाही; ते कोणीतरी भर पावसात लिहिलेल्या वहीत असते. आणि एका दिवशी कंटाळा करून घरबसल्या भरलेला आकडा त्या वहीत शिरला, तर पुढच्या पिढ्यांचे गणित चुकते.

विद्यार्थिमित्रहो, रोडा बेटावरील त्या अज्ञात नोंदकारांना आपले आकडे हजार वर्षांनी कोणी वाचील, हे स्वप्नातही आले नसेल. त्यांनी त्या दिवशी दिसले ते लिहिले, इतकेच. येत्या ज्येष्ठात तुम्हीही अंगणात एक पर्जन्यमापक ठेवा, रोज सकाळी पाऊस मोजा आणि वहीत लिहा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावयास विसरू नका. शून्य हीदेखील एक नोंदच असते.