सदाफुलीची पाने : काढा आणि अर्क

पानांपासून औषध काढणे ही आपल्या घरांना नवी गोष्ट नाही. आयुर्वेदात त्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. अडुळशाचे पान तव्यावर गरम करून पिळले की तो स्वरस. द्रव्य 16 पट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवला की क्वाथ, म्हणजे आपला काढा. वैद्यांच्या भाषेत अर्क हा वाफेतून उतरवलेला असतो, पण आपण बोलताना पानातून काढलेल्या कशालाही अर्क म्हणतो. येथेही तसेच म्हणू.

मी भोईवाड्यात राहते. 1941 साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गावोगावचे रोगी तेथे येतात आणि त्यांच्यासोबतची माणसे आसपास मिळेल तेथे आसरा शोधतात. आमच्या गॅलरीतल्या डब्यांत सदाफुली आहे. तिच्यावरून कॅन्सरचे औषध निघते हे ऐकून कोणी ना कोणी आईकडे पाने मागते, काढा करून रोग्याला पाजायला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून ‘द्यावीत का ग?’ हा प्रश्न माझ्याकडे येतो. रसायनशास्त्र माझे दहावीलाच सुटले; तरी ग्रंथालयात बसून जे समजले ते येथे मांडते.

ऐकीव गोष्ट खरी आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. 1952 साली तेथील एका डॉक्टरांनी ती पाने कॅनडाला पाठवली आणि रॉबर्ट नोबल यांनी त्यांची परीक्षा केली. पोटातून दिलेल्या अर्काने उंदरांची साखर उतरली नाही. तोच अर्क शिरेतून टोचला, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हाच तर रक्ताचा कर्करोग! नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 साली त्या अर्कातले व्हिनब्लास्टिन जाहीर केले; पुढे अमेरिकेत त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन सापडले. ही द्रव्ये पेशीचे विभाजन मध्येच रोखतात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही इतर औषधांबरोबर देतात.

मग काढा का नको? पानात शंभराच्या आसपास अल्कलॉइडे असतात आणि हवे ते अत्यंत थोडे. वाळलेल्या पानांच्या भुकटीत अल्कली घालून अल्कलॉइडे मोकळी करतात, सेंद्रिय द्रावकात उतरवतात, तेथून आम्लाच्या पाण्यात ओढतात, आणि शेवटी एकेक वेगळे करतात. 1 ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. व्हिन्क्रिस्टिन त्याहूनही दुर्मीळ. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ते शिरेतूनच देतात. जरा जास्त झाले तर मज्जातंतू दुखावतात, बोटे बधिर होतात, आतडे मंदावते. पातेल्यातल्या काढ्यात यातले काय आणि किती उतरले, हे कोण मोजणार? त्यातून केमोने आधीच पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात.

आई आता देवासाठी फुले देते, पाने देत नाही. मागणाऱ्याला मी विचारते, की केमोच्या कागदावर व्हिन्क्रिस्टिन लिहिले आहे का. असेल, तर सदाफुलीतलेच द्रव्य मोजूनमापून त्यांच्या माणसाला मिळतेच आहे. काढा आधीच सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, असेही म्हणते. ते सांगायला मात्र बहुतेक जण कचरतात.